माळावरचं एकच घर

नियोजन खात्याच्या अधिकारीबाईंनी टेपचं एक टोक दादाच्या हातात दिलं आणि दुसरं धरून त्या मागे सरकत रस्त्यापर्यंत गेल्या. दादाची धाकटी बहीण कुंपणाशी उभी होती. वहिनी गाडीला टेकून.

“गावाबाहेर मोकळ्या जमिनीवर घरं नकोत, असं धोरण आहे,” टेप गुंडाळत बाई म्हणाल्या. “अपवाद एकच. जो इथं रोज राबतो, त्याला राहण्यापुरतं घर. तेही एका जमिनीवर एकच. आणि अर्ज तर तुम्हा दोघांचेही आलेत.”

वडील गेल्यापासून या एका घरावरून बहीणभाऊ धड बोलत नव्हते. दादाला शहरातल्या भाड्याच्या खोल्यांचा वीट आला होता. बहीण गोठ्यालगतच्या पत्र्याच्या खोलीत राहायची. परवानगी मिळाली नाही, तर तीही पाडावी लागणार होती.

“शेळ्या कोण बघतं?” बाईंनी विचारलं.

“मीच,” दादा म्हणाला. “सकाळ-संध्याकाळ.”

बहिणीने तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. वहिनी जोरजोरात होकारार्थी मान हलवत होती.

“चला, गोठा बघू.”

दादाने फाटकाची कडी काढली मात्र, आतून कुत्रा धावत आला. बाईंना त्याने नुसतं हुंगलं. दादासमोर पाय रोवून तो दात विचकत भुंकू लागला. दादा एक पाऊल मागे सरला. कुत्र्याला हाक मारावी, तर नाव ठाऊक नव्हतं.

बाई दादाकडे बघत राहिल्या.

“नवे बूट घातलेत ना त्याने,” बहीण घाईघाईने पुढे आली. कुत्र्याचा पट्टा तिने मुठीत धरला. “वासाने बिथरलाय. एरवी दादाच्या अंगाखांद्यावर खेळतो.”

दादाने तिच्याकडे पाहिलं. परक्या माणसासमोर ती त्याची लाज झाकत होती, आणि तेही स्वतःच्या डोक्यावरचं छप्पर पणाला लावून. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

“बूट जुनेच आहेत,” तो म्हणाला. “शेळ्या हीच बघते, बाई. बाबा होते तेव्हाही हीच बघायची. माझा अर्ज काढून टाका.”

मागे गाडीचं दार धाडकन लागलं.

बाई गोठ्यात शिरल्या. दोघं फाटकाशीच उभे राहिले.

“मी येत जाईन अधूनमधून,” दादा म्हणाला. “पाहुणा म्हणून.”

कुत्रा अजून गुरगुरत होता. बहिणीने पट्टा सोडला नव्हता.

“ये की,” ती म्हणाली. “पण आधी कळवून ये.”