पाचवे शील आणि चण्याचे पुडे

मनुष्याच्या जीवनात ज्ञान कोणत्या वाटेने येऊन उभे राहील याचा नेम नसतो. थोरामोठ्यांच्या घरी ते ग्रंथांच्या कपाटातून उतरते म्हणतात. परळच्या जयवंत तांबेकडे मात्र ते भाजलेल्या चण्यांच्या टोपलीतून आले, आणि ज्या संध्याकाळी ते आले त्या संध्याकाळी तो इतका खचलेला होता की प्रथम त्याला ते ओळखूही आले नाही.

जयवंत गिरणीच्या रिंग खात्यात बदली कामगार होता. कोणी गैरहजर राहिला तर काम, नाहीतर दरवाज्यावरून परत, असा तो संसार. शिक्षण मराठी सहावीपर्यंत. परंतु अक्षर मोत्यांच्या सरीसारखे आणि भारदस्त शब्दांची अपार आवड. चाळीतील अर्जविनंत्या सर्व त्याच्याच हातच्या. तो, त्याचा थोरला भाऊ दौलत आणि वहिनी शेवंती असे तिघे एका खोलीत राहत. दोन वर्षांपूर्वी तिघांनी नागपूरला जाऊन धम्मदीक्षा घेतली होती. दर रविवारी सकाळी चाळीच्या पटांगणात वंदना होई. तीत दौलत पहिली चार शीले खणखणीत आवाजात म्हणे आणि पाचव्याला, जेथे मद्यापासून दूर राहण्याची प्रतिज्ञा आहे तेथे, त्याला न चुकता खोकला येई. शेवंती डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याच्याकडे पाही आणि जयवंत आपल्या पायांच्या बोटांकडे.

साल अठ्ठावन्न होते. सरकारने दारूबंदी केली होती. म्हणजे दारू बंद नव्हती, दिसायची बंद झाली होती. चाळीमागील बोळात गुत्ता होता आणि तेथे मिळणाऱ्या द्रव्यात काय काय कालवलेले असे हे कालवणाराही शपथेवर सांगू शकला नसता. आषाढात दौलतने तेथे असेच काही घेतले आणि चार दिवस त्याला दिवसाउजेडी धुक्यातल्यासारखे दिसत होते. परळच्या ज्या इस्पितळात त्याला नेले तेथील डॉक्टर बकुळाबाई रेगे यांनी त्याची दृष्टी वाचवली आणि जयवंतला व्हरांड्यात बोलावून सांगितले,

"या खेपेला निभावलं. पुन्हा असलं काही पोटात गेलं तर डोळ्यांची हमी मी देणार नाही."

"बाई, तो वाईट मनुष्य नाही," जयवंत म्हणाला.

"वाईट कोण म्हणतंय? फणसवाडीत माझे मामा राहतात. त्यांना वैद्यकीय दाखल्यावर सरकारी परवाना आहे. पंख्याखाली बसून, काजू खात, रोज दोन पेले घेतात. डोळे शाबूत, झोप शाबूत, अब्रूसुद्धा शाबूत. तुमचा भाऊ आठवड्यातून दोनदा घेतो आणि माझ्या वॉर्डात येतो. दोन्हीकडे पिणारी मनुष्यजात तीच, मग दारू एकाला गुदगुल्या करते आणि दुसऱ्याला आंधळं करते, असं का? हे मला शोधायचंय."

त्या शोधासाठी बाईंना घरोघर जाऊन विचारणारा, स्वच्छ लिहिणारा माणूस हवा होता. जयवंतच्या हाताला त्या दिवसांत बदलीही मिळत नव्हती. त्याने काम पत्करले ते मुख्यतः दौलतकरिता. कारण चाळीच्या तळमजल्यावर पूर्वी कोळशाची वखार होती; ती मोठी खोली इस्पितळाच्या धर्मादाय निधीकडे आली होती. बाईंना तेथे कामगारांसाठी गुत्त्याला पर्याय असे काहीतरी उभे करायचे होते, पण निधीच्या समितीतील एक सभासद, निवृत्त अधिकारी शामराव, तेथे पोलीस चौकी बसवा म्हणत होते. महिनाअखेर निकाल लागणार होता.

"मला खरा आकडा आणा," बाई म्हणाल्या. "किती पितात, कधी पितात, आणि कधी पीत नाहीत. मग ती खोली मी मिळवते."

जयवंतने छापील तक्ते बगलेत मारले आणि तीन चाळींच्या दोनशे आठ खोल्या पालथ्या घातल्या. पहिलीच खोली सुंदराबाईंची. बाई कोकणातल्या, जिभेने तिखट.

"आपल्या कुटुंबात कोणी मद्यप्राशन करते काय?" जयवंतने विचारले.

"काय करता?"

"दारू पितात का, दारू."

"अगो बाई! आमच्यात? तुळशीचं पाणी पितो आम्ही. समोरच्या खोलीत जा, तिथं विचार."

समोरच्या खोलीने सुंदराबाईंकडे बोट दाखवले. अशी बोटे दाखवत दाखवत आठवडा सरला. दोनशे आठ खोल्यांत पिणारे शून्य. केवळ रघुवीर नावाचे एक म्हातारे विणकर कागदाकडे बराच वेळ पाहून म्हणाले, "रे जयवंता, ह्यो परमिटाचो कागद काय?"

जयवंत काही उत्तर देण्यापूर्वीच जिन्यावरून चाललेल्या दोघांनी ते ऐकले. दुसऱ्या दिवशी तिन्ही चाळींत वार्ता पसरली की, डॉक्टरीणबाई कामगारांनाही शेटलोकांसारखा परवाना काढून देणार. सायंकाळी जयवंतच्या दाराशी रांग लागली.

"लिही, मी लहानपणापासून पितो."

"माझं रोज दोनदा लिही. तब्येतीला लागते."

ज्यांनी जन्मात कधी वास घेतला नव्हता तेही आपले व्यसन पुराव्यानिशी सांगू लागले. भजनी मंडळाचा टाळकरी म्हणाला, "मी पीत नाय, पण नाव घालून ठेव. परमिट पडून राहील, खायला थोडंच मागतंय!" रात्रीच्या जेवणापर्यंत पिणारे शून्याचे एकशे त्रेचाळीस झाले.

बकुळाबाईंनी दोन्ही तक्ते शेजारी शेजारी ठेवले, आणि त्यांना इतके हसू आले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग त्या गंभीर झाल्या.

"एक तक्ता भीतीचा आहे आणि दुसरा आशेचा. खरा एकही नाही. शामराव म्हणतील, यांच्या तोंडून सत्य निघत नाही, चौकीच बसवा."

"चौकी बसली तर गुत्ता दोन बोळ पलीकडे जाईल, बाई. आणि दादाही."

"म्हणूनच म्हणते, अजून तीन आठवडे आहेत."

तर ही ती संध्याकाळ. जयवंत बोळाच्या तोंडाशी कुशाबाच्या टोपलीजवळ येऊन बसला. कुशाबा हा साताऱ्याकडचा, पन्नाशीचा, गुत्त्याकडे वळणाऱ्यांना चणे-शेंगदाणे विकणारा. हातभट्टीने जीभ भाजली की चणा लागतोच. म्हणून गुत्त्याचे गिऱ्हाईक तेच त्याचे गिऱ्हाईक. कुशाबाने रद्दी कागदाचा पुडा वळून त्याच्या हाती दिला.

"तोंड का पडलंय रं?"

"कुशाबा, या गावात दारू कोण पितो ते कोणी सांगत नाही."

"त्यात काय सांगायचंय! सकाळी मोजून दीडशे कागद कापतो. रोजच्याला सव्वाशे पुडे ह्या बोळात जात्यात. पगाराच्या दिवशी कागद कमी पडत्यात. आन् सभा असली की हितं कुत्रं फिरकत न्हाई, मग मी टोपली उचलून नरे पार्कात जातो."

जयवंतच्या तोंडातला चणा तोंडातच राहिला. "सभा असली की?"

"आरं, संयुक्त महाराष्ट्राची सभा! समदी तिकडंच. पोवाडा हाय, शाहीर हाय, घोषणा हायत्या. गुत्त्यात गेला तर पुढची जागा जाती की."

कापसाच्या ढिगात एखादी ठिणगी पडावी तसे जयवंतच्या डोक्यात झाले. दौलत सभेहून येई तेव्हा त्याचा घसा बसलेला असे, पायांवर धूळ असे, पोटात भूक असे. पण तोंडाला वास कधीही नसे! ही गोष्ट तो वर्षभर पाहत होता आणि त्याला ती दिसली नव्हती.

बकुळाबाईंना ऐकून आनंद झाला, परंतु त्या शास्त्राच्या पक्क्या होत्या. "ठीक. पण सभेच्या दिवशी कुशाबा बोळात नसतातच. मग बोळात किती गेले हे कोणी मोजलं? त्या दिवशीही त्यांनी तिथंच बसायला हवं."

हे कुशाबाला सांगणे अवघड होते. "म्हंजे हजार माणूस नरे पार्कात चणे मागतंय, आन् म्या हितं भिंतीला चणे विकू?" तो म्हणाला. "तुझं शास्त्र मला भिकंला लावंल रं!"

"दादाच्या डोळ्यांसाठी," जयवंत म्हणाला. येथे त्याला एकही भारदस्त शब्द सुचला नाही.

कुशाबा थोडा वेळ टोपलीतील चणे खालीवर करीत राहिला. "दौलत लई गोड गातो," तो शेवटी पुटपुटला. "बसतो. तीन सभा, त्याच्या वर न्हाई."

तीन आठवडे जयवंत रोज सायंकाळी टोपलीशेजारी बसून कागद मोजत होता. एरवीच्या दिवशी सव्वाशेच्या आगेमागे. तिन्ही सभांच्या दिवशी मिळून पंच्याहत्तर. एका दिवशी तर अवघे एकोणीस. उरलेले चणे बकुळाबाईंनी इस्पितळात नेले आणि परिचारिकांपासून शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांपर्यंत सर्वांनी ते विज्ञानाच्या सेवेसाठी खाल्ले.

महिनाअखेरीस समिती भरली. जयवंत इस्त्रीचा सदरा घालून, आणि कुशाबा टोपली घेऊन आला, कारण टोपलीशिवाय त्याला कोठेही उभे राहता येत नसे. जयवंतने रात्री जागून पाठ केलेले भाषण सुरू केले, "सन्माननीय सभासदहो, मद्यरूपी राक्षसाचे निर्दालन..." आणि पुढचे सारे विसरला. त्याने कागद पुढे केला आणि आकडे वाचून दाखवले.

शामरावांनी चष्म्यावरून पाहिले. "चण्यांवरून संशोधन? अहो, सभेला पोलीस बंदोबस्त असतो, म्हणून गुत्ता बंद राहत असेल. हे तर चौकीच्याच बाजूचं झालं!"

"गुत्ता उघडा व्हता, साहेब," कुशाबा म्हणाला. "मालक दारात उभा राहून जांभया देत व्हता. आन् त्या एकोणीस पुड्यांतलं दोन तर बंदोबस्ताच्या हवालदारांनीच न्हेलं."

समितीत हशा पिकला. शामरावही हसले, पण मुद्दा सोडीनात. "मग सभेत असं काय आहे, जे घरी नाही?"

"साहेब, रागावू नगा," कुशाबा म्हणाला. " तुमच्या घरी संध्याकाळी बसायला खुर्च्या किती?"

"असतील आठ-दहा."

"आमच्या खोलीत अकरा माणसं. धा बाय बाराची जागा. पहिल्या पाळीचा माणूस घरी येतो तवा तिसऱ्या पाळीचा जमिनीवर झोपलेला. पाय टाकायला जागा न्हाई, मोठ्यानं बोलायचं न्हाई. तुमी जिमखान्यात जाता. आमी जावं कुठं? गुत्त्यात फळी टाकलेली हाय, तिथं कुणी ऊठ म्हणत न्हाई. सभेतबी कुणी ऊठ म्हणत न्हाई."

बकुळाबाईंनी आपली नोंदवही उघडली. "त्या तीन दिवसांत माझ्या वॉर्डात हातभट्टीचा एकही रोगी आला नाही. ज्याला बसायला जागा आहे, त्याची दारू त्याला कमी मारते. माझ्या मामांकडे आरामखुर्ची आहे, दौलत तांबे यांच्याकडे पायरीसुद्धा नाही. मी खोली मागते आहे ती औषधाला नव्हे, बसायला."

शामरावांनी चष्मा काढून ठेवला. मग टोपलीकडे हात करून म्हणाले, "एक पुडा द्या पाहू." चार दाणे चावून त्यांनी निर्णय दिला, "तीन महिने. आकडा वर गेला तर चौकी."

कोळशाची वखार तिन्ही चाळींनी मिळून धुतली. काळे पाणी दोन दिवस वाहत होते. सुंदराबाईंनी न विचारता चुना लावला, रघुवीरांनी जुन्या गोणपाटाच्या बैठका शिवल्या, कोणी ढोलकी आणली, कोणी वर्तमानपत्र. किल्ली दौलतकडे सोपवण्यात आली. पहिले चार दिवस तो दारात नुसता उभा राही आणि बोळाकडे पाही. पाचव्या दिवशी कोणी म्हणाले, "दौलतराव, उभे काय? गा की!" आणि तो बसला. त्याचा आवाज ऐकून दुसऱ्या मजल्यावरून माणसे खाली उतरली.

सहाव्या आठवड्यात, ना सभा, ना पगाराचा दिवस अशा एका साध्या मंगळवारी कुशाबा बोळातून उठला, टोपली डोक्यावर घेतली आणि वखारीच्या दाराशी येऊन बसला.

"इकडे कसे?" जयवंतने विचारले.

"गिऱ्हाईक हितं आलंय, तर म्या तिथं भिंतीसंगं काय बोलू? लिही तुझ्या कागदावर."

जयवंतने लिहिले. त्याचे अक्षर त्या दिवशी मोत्यांसारखे आले नाही, कारण त्याचा एक डोळा आत गाणाऱ्या दौलतवर होता.

पुढल्या रविवारी पटांगणात वंदना झाली. दौलतने चार शीले खणखणीत म्हटली. पाचवे आले, आणि त्याला खोकला आला. शेवंतीने मान वळवली. जयवंतने पुन्हा आपल्या पायांच्या बोटांकडे पाहिले. दौलत लाल होऊन खोकत राहिला, एका हाताने थांबा थांबा अशी खूण करत, आणि शेवटी तळहातावर काहीतरी घेऊन म्हणाला, "चणा! अडकला होता!"

"वंदनेला चणे खात होतास?" शेवंती कडाडली.

"कुशाबानं सकाळीच दिले ना गं!"

मागे कुशाबा टोपलीआड लपला. सारे पटांगण हसू लागले. दौलतने पाण्याचा घोट घेतला, हात जोडले आणि पाचवे शील पुन्हा पहिल्यापासून म्हटले, एवढ्या मोठ्याने की तिसऱ्या पाळीचे झोपलेले लोकही कठड्याशी येऊन उभे राहिले.