वर्तुळातली रिकामी जागा

मावशींचं एक व्रत होतं. सकाळी देवापुढे दिवा लावला की संध्याकाळचा दिवा लागेपर्यंत तोंडातून खोटा शब्द काढायचा नाही. बावीस वर्षांत ते मोडलं नव्हतं. शर्टांच्या कारखान्यात सगळ्या बायकांना हे ठाऊक होतं, म्हणून कोणी नवीन पद्धतीनं केस कापून आली, तर 'कसे दिसतात' हे मावशींना विचारायच्या भानगडीत पडत नसे.

तपासणीच्या टेबलाशी मावशींच्या शेजारी चष्मेवाली उभी असायची. लोंबणारे धागे कापायचे, काजांतून बटणं घालून बघायची, कॉलरची टोकं जुळवायची; आठ तास, उभ्यानं. पोरगी कामाला चोख, पण जिभेला हाड नाही.

एका दुपारी तिनं शर्टाच्या घडीत घालून एक कागद पुढे सरकवला. "मावशी, सही."

मावशींनी वरची ओळ वाचली, 'स्त्रीवादी कामगार गट', आणि चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. "अगं, हे त्या संसार मोडणाऱ्या बायकांचं ना? आमचे भावजी सांगतात, नवऱ्यांना शिव्या घालण्यापलीकडे त्यांना उद्योग नाही."

"भावजींनी वाचलंय का काही?"

"रोज पेपर वाचतात ते."

"मग तुम्ही एवढं एक पान वाचा."

"नको बाई. ज्या गावाला जायचं नाही, त्याची वाट कशाला विचारू?"

"नवऱ्याला शिवी द्यायला कागद कशाला लागतो, मावशी? ती तोंडीच देतात." टेबलाभोवती खसखस पिकली. मावशी तेवढ्या हसल्या नाहीत. चांगल्या घरची पोर वाया चालली, असं त्यांना मनापासून वाटलं. संध्याकाळी त्यांनी तिच्यासाठी देवापुढे हात जोडले.

चार दिवसांनी साहेबांनी मावशींना खोलीत बोलावलं. तोच कागद समोर होता. खाली सह्या गोलाकार केलेल्या, पहिली कोणाची ते कळू नये म्हणून.

"सगळ्यांना काढून मी कारखाना चालवू कसा?" साहेब मऊ आवाजात म्हणाले. "पण मूळ तर कळायला हवं. मावशी, तुम्ही खोटं बोलत नाही. हा कागद कोणी फिरवला?"

साहेब दोन शब्द सुनावतील, पोर ताळ्यावर येईल, असा विचार करून मावशींनी सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी चष्मेवालीची जागा रिकामी होती. तिची कात्री तिथेच पडलेली, पात्यात निळा धागा अडकलेला. कोणी मावशींना वेडंवाकडं बोललं नाही. फक्त डबा उघडताना बटणं लावणाऱ्या ताई म्हणाल्या, "खोटं बोलायचं नाही, हे कळलं. पण गप्प बसायला व्रताची आडकाठी होती का हो?"

मावशींनी डब्याचं झाकण परत लावलं. डबा तसाच घरी गेला.

तिसऱ्या दिवशी साहेब स्वतः एक उंच स्टूल घेऊन आले. "मावशी, बसून काम करा. त्या कागदात पहिलंच मागणं तुमच्या पायांचं होतं. तेवढं मला पटलं."

बायकांच्या कात्र्या थांबल्या. मावशी साहेबांच्या मागोमाग खोलीत गेल्या आणि त्यांनी कागद वाचायला मागितला. बोट ठेवून, एकेक ओळ.

'आमच्या तपासणीतल्या मावशी बावीस वर्षं उभ्या आहेत, संध्याकाळी त्यांच्या चपला पायांत मावत नाहीत. टेबलाशी स्टुलं द्यावीत.' मग संडासाच्या दाराला कडी. मग पुरुष तपासनीसांइतकाच पगार. नवऱ्याचं नाव कुठेच नव्हतं. सह्यांच्या वर्तुळात चष्मेवालीच्या सहीशेजारी बोटभर जागा कोरी होती. कोणासाठी, ते विचारावं लागलं नाही.

मावशींनी तिथे सही केली.

"हे काय? तुम्ही काही त्यांच्यातल्या नाही, मावशी."

"न वाचताच मी नाव सांगितलं, साहेब. ते स्टूल न्या. तिला परत घ्या." साहेबांनी कागद खणात टाकला आणि फोन उचलला.

सुटी झाल्यावर मावशी घरी गेल्याच नाहीत. तीन जिने चढून त्यांनी चष्मेवालीचं दार वाजवलं.

"नाव मी सांगितलं," दार उघडताच त्या म्हणाल्या.

"माहीत आहे. तुम्ही खोटं कुठे बोलता?" तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं. तिनं खुर्ची पुढे ओढली. "बसा. पाय दुखत असतील."

"नाही गं," मावशी चौकट धरून म्हणाल्या. "अजिबात नाही दुखत."

संध्याकाळचा दिवा लागायला अजून वेळ होता.