दादाच्या मापाची सीट

जुन्या स्पोर्ट्स कूपेची हुबेहूब नक्कल करण्यात दोघा भावांनी नऊ वर्षं घातली. मूळ गाडीची सीट पुढेमागे सरकत नसे, म्हणून दादाने हीदेखील वेल्डिंग करून पक्की बसवली, स्वतःच्या सहा फुटी मापाने. गाडी पूर्ण व्हायच्या महिनाभर आधी दादा गेला.

पहिल्या फेरीला बुटक्या धाकट्याचे पाय पेडलपर्यंत पोचेनात.

"भावोजी, कापून पुढे घ्या की सीट," वहिनी म्हणाली.

"हुबेहूब राहणार नाही मग. दादा चिडेल."

"चिडू दे. निदान काही बोलेल तरी."

धाकटा उतरला आणि वळसा घालून शेजारच्या सीटवर बसला. दादा चालवणार, धाकटा नकाशा धरणार, असंच ठरलं होतं. त्याने नकाशा मांडीवर उघडला. वहिनीने दादाच्या बाजूचं दार हलकेच लावलं.