आईंच्या हाताचं बटण

आमच्या बैठकीच्या खोलीतलं बटण दाराशेजारी, जेमतेम कमरेच्या उंचीवर आहे. घरात येणारा प्रत्येक वायरमन ते बघून आधी हसतो. इतक्या खाली बटण कोण बसवतं? माझ्या सासऱ्यांनी बसवलं, सासूबाईंसाठी. सासूबाई बुटक्या, आणि त्या काळात त्यांच्या डोक्यावर नाहीतर कडेवर कायम काहीतरी असायचंच. हात वर न करता त्यांना दिवा लावता आला पाहिजे, एवढी एकच अट सासऱ्यांनी घर बांधताना घातली होती म्हणे. बाकी खिडक्या कुठेही येवोत.

त्याआधी ही मंडळी जुन्या नाशकात भाड्याच्या खोलीत राहायची. त्या खोलीत दिवा होता, बटण नव्हतं. बटण घरमालकाच्या ओसरीवर. त्याचं जेवण झालं, चूळ भरली, की तो आत जाता जाता सगळ्या भाडेकरूंचे दिवे एकदम घालवायचा. कोणाचं ताट अर्धं असो की पोराची वही उघडी असो. सासूबाई, म्हणजे भागीबाई, तेव्हा विड्या वळायच्या. सुपात उरलेल्या विड्या अंधारातच पुऱ्या करायच्या. "बोटांना दिसायचं," एवढंच सांगतात. तक्रार म्हणून नाही. सहज, भाजी निवडता निवडता.

तर असं ते बटण. सासूबाईंना मी आईच म्हणते. आई खोलीतून उठल्या की ते खट् करून बंद होतं. पाहुणे बसलेले असले तरी कधी कधी होतं. "अगं बाई, हायेत व्हय तुमी अजून!" म्हणून पुन्हा लावतात. दिवा वाया जाऊ नये हे कारण आहेच. पण मला वाटतं, आपल्या हाताने बंद करता येतो म्हणूनही त्या बंद करतात.

यंदा आमच्या जेल रोडच्या घराला रंग दिला, छताला पीओपी केलं, आणि माझ्या लेकीने, चैतालीने, पुण्याहून एलईडीची पट्टी पाठवली. छताच्या खाचेतून फिरवायची आणि बुद्धांच्या मूर्तीमागून खाली आणायची. रंग बदलणारी. आमचा नेहमीचा वायरमन लखन म्हणाला, "वहिनी, हिला चालवायचे प्रकार लय आहेत. रिमोट आहे, फोन आहे, बोलून पण लागते."

मी म्हटलं, "बटण?"

"बटण तर आहेच, पण मग स्मार्ट कशाला घेतली?" हे उत्तर लखनचं नव्हे, आमच्या ह्यांचं. धनराज माझा नवरा. जिल्हा परिषदेत क्लार्क आहे. ऑफिसात साहेबाच्या सहीशिवाय कागद हलत नाही, त्यामुळे घरात एखादी गोष्ट नुसत्या बोटाने हलते म्हटल्यावर माणूस हरखून गेला. रिमोट नको, तो हरवतो. बोलून नको, आई भिंतीशी बोलायला लागल्या तर लोक काय म्हणतील. फोनच बरा. चैतालीनेही पुण्याहून तेच सांगितलं. तिचा फोन, ह्यांचा फोन, ॲपमध्ये दोघांची नावं. त्या पानावर 'घरातील सदस्य' असं लिहिलेलं मी स्वतः वाचलं.

"मी कुठेय यात?"

"तुला कशाला? मी आहे ना लावायला."

"आणि आई?"

"आईकडे बटणाचा फोन आहे, ललिता. काहीतरीच काय."

मी साडीला फॉल लावत होते. सुई बोटात घुसली. घरात दिवसभर असणाऱ्या दोन बायका, आणि घरातील सदस्य कोण, तर एक पुण्यात आणि एक ऑफिसात!

पट्टी दिसायची सुंदर, ते कबूल. जुन्या दिव्याच्या जागी लखनने ती आईंच्याच बटणावर जोडली होती. पण तिची एक मागणी होती. फोनवरून लागायची तर भिंतीवरचं बटण कायम चालू पाहिजे. ते बंद झालं की फोनवर 'ऑफलाइन' येतं, मग कितीही बोट आपटा. आणि आमच्या आई तर उठल्या की खट्. संध्याकाळी हे द्वारका चौकाच्या गर्दीतूनच रुबाबात दिवा लावायला जायचे आणि पट्टी ढिम्म. घरी येऊन पहिलं वाक्य, "कोणी बंद केलं?"

"मी केलं," आई म्हणायच्या. "खोलीत कोन नव्हतं."

दोनचार वेळा समजावून झालं. पाचव्यांदा ह्यांनी कपाटातून खाकी चिकटपट्टी काढली आणि बटणावर आडवी चिकटवली. वर मार्करने लिहिलं, 'हात लावू नये.' आईंना वाचता येतं. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात शिकल्या आहेत, आणि भिंतीवर, बसवर, पुडक्यावर जे दिसेल ते मोठ्याने वाचतात. तेही वाचलं. "हात. लावू. नये." मग आत पलंगावर जाऊन बसल्या.

त्यानंतर त्या बैठकीत यायच्याच कमी झाल्या. जेवण पलंगावर, पेपर पलंगावर. मी ह्यांना म्हटलं, तर म्हणाले, "वय झालं तिचं." पायाला काही झालेलं नव्हतं. सकाळी मागच्या दारी धुण्याच्या दगडापासून टाकीपर्यंत दहा फेऱ्या मारत होत्याच की! मला राग कुठे ठेवावा कळेना. चिकटपट्टी मीच ओढून काढली असती. पण नाही काढली. घरात वाद नको, असं म्हणत बसले. बायकांचं निम्मं आयुष्य या एका वाक्यात जातं.

मग बुद्धपौर्णिमा आली. बुद्धवंदना यंदा आमच्याकडे ठरली होती. कॉलनीतल्या बायका पांढऱ्या साड्या नेसून जमायला लागल्या. शेजारच्या लताबाई खिरीचं पातेलं घेऊन आल्या. हे फुलं आणायला गेलेले, फोन अर्थात खिशात. दुपारभर गेलेली वीज तेवढ्यात आली. आणि वीज आल्याबरोबर पट्टी आपल्या मनाने लागली. लाल, जांभळी, हिरवी. नुसती लागली नाही, नाचायला लागली. शांत बसलेल्या बुद्धांच्या मागे वरातीतला डीजे.

लताबाई म्हणाल्या, "ललिता, त्रिशरण घ्यायचं का हळदीला नाचायचं?"

बायका हसून हसून लोळायच्या बाकी. मी ह्यांना फोन लावला. लागेना. चैतालीला लावला. ती म्हणाली, "आई, मला ऑफलाइन दाखवतंय. वायफायचा डबा चालू झालाय का बघ ना." डब्यावरचा दिवा लुकलुकत होता, तोही लालच. पुण्यात काही होईना, नाशकात काही होईना.

तेवढ्यात आई आतून आल्या. पांढरं पातळ, हातात मेणबत्ती. नाचणारी भिंत बघितली आणि सरळ दाराकडे गेल्या, सवयीने. हात कमरेच्या उंचीवर गेला. बोट चिकटपट्टीला लागलं. आणि त्यांनी हात मागे घेतला. चटका बसल्यासारखा.

माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "ललिते, धनराज रागवल का गं?"

मी लग्न होऊन आले तेव्हापासून या बाईला कोणाची परवानगी मागताना पाहिलेलं नाही. मी उठले, नखाने त्या चिकटपट्टीचं टोक उचललं आणि एका झटक्यात ओढली. नव्या रंगाचा पोपडा सोबत आला. येऊ दे.

"दाबा आई."

त्यांनी दाबलं. खट्. भिंत गप्प झाली. मग त्यांनी मेणबत्ती लावली, आणि सगळ्यांनी त्या उजेडात वंदना म्हटली. पंचशील संपता संपता हे फुलं घेऊन दारात.

"अरे! पट्टी का बंद? बटण कोणी... ललिता, रंग कोणी उडवला?"

"मी."

"सांगितलं होतं ना, त्याला हात लावायचा नाही म्हणून!"

मी तोंड उघडलंच होतं. घरातील सदस्यांपासून सुरुवात करणार होते, कॉलनीसमोर, होऊ दे काय व्हायचं ते. पण आई खुर्चीवरून शांतपणे म्हणाल्या, "धनराज, तुला तो घरमालक आठवतो का रं?"

"कोण? जुन्या खोलीचा? त्याचं काय आता?"

"तो दिवा घालवायचा. पर ओसरीवर कधी चिकटपट्टी नव्हती लावली त्यानं. एकदा आमी सगळ्या बाया गेलो आन् त्याच्या जेवनाच्या टायमाला तिथलं त्याच्या दिव्याचं बटन आमीच बंद केलं. ताटातलं दिसंना त्याला. लय ओरडला." त्या थांबल्या. "चिकटपट्टी असती तर तेवढं पन करता आलं नसतं."

लताबाईंनी खिरीचं झाकण उगाच उघडून पुन्हा ठेवलं. हे फुलांची पुडी हातात धरून उभे. त्या खोलीत हेही वही उघडी ठेवून अंधारात बसलेले असणार. ते मला त्या क्षणापर्यंत सुचलंच नव्हतं. बहुतेक त्यांनाही नाही. त्यांनी फुलं मूर्तीसमोर ठेवली आणि आईंच्या पायाशी, बायकांच्या ओळीत, जमिनीवर बसले.

दुसऱ्या दिवशी लखन आला. त्याने बटणाच्या मागे एक काडेपेटीएवढी डबी बसवली. आता पट्टी बटणानेही लागते, फोननेही लागते, आणि बटण बंद केलं म्हणून फोन रुसत नाही.

मी विचारलं, "हे आधी नसतं का बसवता आलं?"

"आलं असतं की वहिनी. साहेबांनी फोनवरचं मागितलं. घरात कोणाला काय पाहिजे, हे कोणी बोललंच नाही."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे छताकडे पाहत होते.

चैतालीने आता मला सदस्य केलंय. मी ॲप उघडत नाही, पण नाव आहे. रंगाचा पोपडा तसाच आहे. रंगारी बोलावू म्हणतात, मी म्हणते राहू दे. आई पुन्हा बैठकीत बसतात, पेपर मोठ्याने वाचतात.

परवा हे टीव्ही बघून उठले आणि आत निघाले. चालता चालता खिशातून फोन काढला, पट्टी बंद करायला.

"धनराज," आई पेपरातून मान वर न करता म्हणाल्या.

हे थांबले. फोन खिशात ठेवला, मागे आले, कमरेत वाकले आणि बटण दाबलं. खट्.

"आता मी वाचू कशी रं?" आई म्हणाल्या. "मी हाय ना हितं. लाव परत."