दिवा विझला त्या सकाळी

मित्रांनो, बेकरीच्या मागच्या शेडमध्ये पाव पोहोचवणारी एक जुनी गाडी उभी असते. तिच्या बॉनेटखाली, बॅटरीशेजारी, मळकट डब्यात बसलेला इंजिनाचा संगणक तो मी. बोलायला मला तोंड नाही. डॅशबोर्डवरचा छोटा पिवळा दिवा हीच माझी वाचा.

कारखान्यात मला पुष्कळ कामे शिकवली गेली, पण मला सर्वांत जड वाटायचे ते धुरावर नजर ठेवण्याचे. धुराच्या नळीत कन्व्हर्टर नावाचा एक डबा असतो. त्याच्या आतली जाळी विषारी वायूंचे विष बरेचसे उतरवते. डब्याच्या अलीकडे धुरातला प्राणवायू मोजणारा एक सेन्सर आणि पलीकडे दुसरा. अलीकडचा भारी चंचल, सारखा वर-खाली होणारा. पलीकडचा शांत. तो शांत आहे तोवर डबा आपले काम करतो आहे, असे मी समजायचो.

बेकरी दोन भावंडांची होती. ताई भट्टी सांभाळायची आणि तिचा धाकटा भाऊ गाडी चालवायचा. आईवडिलांमागे ताईनेच त्याला वाढवले होते, म्हणून तो बापई झाला तरी ती त्याला धाकट्याच म्हणायची. गाडी एकदा बंद केली की पुन्हा सुरू व्हायला रुसायची, त्यामुळे पावाचे ट्रे चढवताना इंजिन चालूच असायचे.

एकदा पेट्रोल पेटवणारा स्पार्क प्लग बिघडला. न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटू लागले आणि जाळी वितळली. मग पलीकडचा सेन्सरही अलीकडच्यासारखा नाचू लागला. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, असे कुणालाही वाटले असते. पण गुणबिण काही लागला नव्हता, मधला डबाच मेला होता. मी पुन्हा पडताळून पाहिले आणि दिवा लावला.

भावाने प्लग बदलला. डबा मात्र "नंतर बघू"मध्ये राहिला. ताईने गॅरेजवाल्याला दिव्याचा अर्थ विचारून घेतला आणि तेव्हापासून दिवा दिसला की ती शेडचे शटर पूर्ण वर करायची. कितीही थंडी असो. माझे एवढे म्हणणे कुणीतरी ऐकते आहे, याचे मला फार समाधान होते.

मग धुराच्या सरकारी तपासणीची तारीख आली. आदल्या दिवशी भावाने माझ्या बॅटरीची तार काढली आणि थोड्या वेळाने पुन्हा जोडली. मी कोरा झालो. डबा मेला आहे हेही विसरलो. ते पुन्हा कळायला मला गरम इंजिन आणि मोकळ्या रस्त्यावरची सलग धाव हवी होती. तोवर मी गप्प होतो. मित्रांनो, "सगळे ठीक आहे" असे मी म्हणत नव्हतो. "मी अजून पाहिलेले नाही" एवढेच माझे म्हणणे होते. पण दोन्ही वेळी दिवा बंदच असतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे ताईने डॅशबोर्डकडे पाहिले.

"काय रे धाकट्या, झालं का गाडीचं काम?"

"झालं गं," तो म्हणाला आणि फोन घेऊन दुकानात गेला.

बाहेर बोचरा वारा होता. ताईने शटर खाली ओढले आणि ट्रे चढवू लागली. इंजिन चालू होते आणि मी इमानेइतबारे त्याला पेट्रोल पुरवत होतो. शेडमधली हवा मोजण्याचे काम मला कधी नेमून दिलेलेच नव्हते. ताई डोके धरून खाली बसली ते मला कळले नाही. शटर धाडकन वर गेले, "ताई, अगं ताई!" अशी हाक आली आणि कुणीतरी चावी फिरवून मला बंद केले.

ती वाचली. भाऊच तिला दवाखान्यातून घरी घेऊन आला, याच गाडीतून, सगळ्या काचा खाली करून.

"तू झालं म्हणालास ना रे?"

"नाही केलं, ताई. नुसता दिवा घालवला."

ताईने बंद दिव्यावर बोट टेकवले आणि तोंड खिडकीकडे वळवले. त्यापेक्षा तिने त्याला सुनावले असते तर बरे झाले असते, असे मला वाटले.

आता नवा कन्व्हर्टर बसला आहे. ट्रे चढवताना इंजिन बंद असते, कारण धूर कितीही शुद्ध असो, बंद जागेत तो जीव घेऊ शकतो. गाडी रुसली तर भाऊ ती ढकलत बाहेर काढतो. तो अजूनही प्रत्येक दुरुस्तीनंतर "झालं" म्हणून सांगतो. ताई मान हलवते आणि गॅरेजवाल्याला फोन लावून पुन्हा विचारते. भाऊ शेजारी उभा राहून ऐकतो.

मित्रांनो, दिवा लागला तर त्याचे कारण दूर करा, दिवा नव्हे. मला तार काढून कोरे करता येते. ताईला तशी तार नाही.