मुक्ताईंच्या हनुवटीवरचे तीन ठिपके

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. कर्वेनगरमधल्या एका फोटो स्टुडिओत अकरा वर्षं टेबलावर बसून आहे. माझे मालक यज्ञेश्वर लग्नाचे फोटो काढतात. कॅमेऱ्यातले कच्चे फोटो माझ्यात उतरतात. ते जरा काळपट असतात, आम्ही ते उजळ करतो. दुकानाच्या पाटीवरही 'उजळ आणि नैसर्गिक' असंच लिहिलं आहे. नववधू माझ्या पडद्यावर स्वतःला पाहून हरखून जायच्या आणि मला फार गर्व वाटायचा. आता तो राहिला नाही.

चार वर्षांपूर्वी वारज्याचे हिंमतराव धाकट्या लेकीच्या लग्नाचे फोटो निवडायला आले. मार्केट यार्डात कांद्याच्या गाळ्यावर काम करणारा माणूस. सोबत पत्नी मुक्ताई. रंगाने सावळ्या, हनुवटीवर गोंदणाचे तीन हिरवे ठिपके.

"हिला जरा गोरं करा," हिंमतराव म्हणाले. "अल्बम व्याह्यांकडं फिरणार. ते गोंदणही काढा."

यज्ञेश्वरांनी माउस फिरवला. मी क्षणात तिन्ही ठिपके पुसले.

मुक्ताईंनी पडद्याकडे निरखून पाहिलं. "अवो, ही सवत कधी आणली?"

सगळे हसले. त्याही हसल्या. मग पदराने हनुवटी झाकून घेतली आणि उठेपर्यंत पदर सोडला नाही.

सहा महिन्यांनी माझ्यात जागा उरली नाही. "मूळ फोटो कायमचे पुसायचे का?" असं मीच विचारलं. यज्ञेश्वरांनी 'हो' वर बोट दाबलं.

मागच्या महिन्यात हिंमतराव एकटेच आले. मुक्ताई गेल्या होत्या.

"भिंतीला अल्बममधला फोटो लावला," ते म्हणाले. "नात म्हणते, ही आपली आजी नाही. खरं बोलते पोरगी. मला हिचा खरा फोटो द्या."

मूळ फोटो नव्हतेच. यज्ञेश्वर ओशाळले. "काका, मी ठिपके परत काढून देतो."

"मधला जरा खाली," हिंमतराव सांगू लागले. "नाही, डावीकडं... थांबा." त्यांनी पडद्यावरून बोट काढून घेतलं. "चव्वेचाळीस वर्षं समोर होती. आता जागा सांगता येईना. राहू द्या. मीच पुसायला लावलं."

ते उठले, तेव्हा यज्ञेश्वरांना एक आठवलं. प्रत्येक मंगल कार्यालयात दिव्यांचा रंग जमवायला ते कुणाच्या तरी हातात पांढरा पुठ्ठा देऊन एक फोटो काढतात. पुन्हा त्या कार्यालयात काम आलं तर उपयोगी पडतो, म्हणून तो माझ्यातच एका वेगळ्या कप्प्यात ठेवतात. त्यांनी तो कप्पा उघडला.

लग्नाच्या दिवशी पुठ्ठा मुक्ताईंनी धरला होता. पदर खोचलेला, कपाळावर घाम, तोंड अर्धवट उघडं, "झालं का?" असं विचारत असाव्यात. चेहरा सावळा. हनुवटीवर तीन ठिपके.

यज्ञेश्वरांचा हात सवयीने उजेड वाढवायला गेला.

"हात लावू नका!" हिंमतराव ओरडले. मग खुर्चीत बसून रडले.

फोटो जसा होता तसाच छापला.

मित्रांनो, अंधारातला फोटो उजळ करायला हरकत नाही. पण चेहऱ्यावरचं काही पुसण्याआधी, ज्याचा चेहरा आहे त्याला विचारा. मुक्ताई आमच्यासमोर दोन तास बसल्या होत्या. त्यांना आम्ही कुणीच विचारलं नाही.