पहिल्या ओळीतली मागणी

"इंग्रजी चुकत नाही तुझं," वृषाली मॅडम म्हणाल्या. "पण एवढं पत्र वाचून डॉक्टरांना कळत नाही, तुला हवंय काय."

आळेफाट्यावर खताच्या दुकानावरच्या खोलीत मॅडम परदेशी जाणाऱ्या नर्सेसची तयारी करून घ्यायच्या. ऑस्ट्रेलियाला जाण्यासाठीच्या इंग्रजीच्या परीक्षेत माझं बोलणं, ऐकणं, वाचणं पास झालं होतं. लेखनात मी दोनदा नापास. पेशंटची टिपणं देतात, त्यांवरून डॉक्टरांना पत्र लिहायचं. तिकडच्या हॉस्पिटलनं माझी जागा मार्चपर्यंत धरली होती. त्याआधी एकच परीक्षा उरली होती.

माझ्या पत्रात टिपणांतल्या आजीबाईंची जुनी ऑपरेशनं, जेवण, मुलांची नावं, सगळं असायचं. रक्त पातळ करणारी गोळी जास्त होतेय, हे अगदी खाली, तेही 'आपणास योग्य वाटल्यास' म्हणून.

"हे वर का नाही?"

"डॉक्टरांना मी कसं सांगू, मॅडम, गोळी कमी करा म्हणून?"

शेजारी बसलेली तेजस्विनी म्हणाली, "आमच्या डॉक्टर सरांना तर चहा गार झालाय हेसुद्धा कुणी सांगत नाही."

मॅडम हसल्या नाहीत. "पेपर तपासणारा तुझा नम्रपणा मोजत नाही, कल्याणी. पेशंटचं काम होईल का, एवढंच बघतो."

घरी सासूबाईंना सांगितलं, तर त्या तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "खरंच हाय की. तुला मीठ पायजे असलं तरी तू आदी भाजीचं कवतिक करती."

मी रोज सकाळी बुद्धवंदना करून पंचशील घेते. खोटं बोलणार नाही, असं रोज म्हणते. दुसऱ्या दिवशी त्याच ओळीवर थांबले. खरं इतकं हळू सांगायचं की कुणाला ऐकूच जाऊ नये, हे कशात बसतं?

त्या दिवशी नारायणगावच्या आमच्या दवाखान्यात कुशाबाईंच्या हिरड्यांतून रक्त दिसलं. त्यांनाही तीच गोळी चालू होती. एरवी मी "सर, वेळ मिळाला की बघाल का" म्हटलं असतं.

"सर, कुशाबाईंच्या हिरड्यांतून रक्त येतंय. पुढची गोळी द्यायच्या आधी तुम्ही बघायला हवं."

सर लगेच उठले. बघितलं, गोळी थांबवली, रक्त तपासायला पाठवलं आणि पुढच्या खाटेकडं गेले.

मग महिनाभर ड्युटीवरून आल्यावर रोज एक पत्र लिहिलं. मॅडम लाल शाईनं निम्मं खोडायच्या. हळूहळू शाई कमी लागू लागली.

मुंबईला परीक्षेत टिपणं आली एका शेतकऱ्याची: मधुमेह, पायाची जखम काळी पडत चाललेली. त्याचा कुत्रा, त्याची बहीण, त्याची बागेची आवड, सगळं दिलं होतं. कुत्र्याशी पेन जरा अडलं. मग कुत्रा वगळला. पहिल्याच ओळीत लिहिलं: या रुग्णाचा पाय आजच तपासावा.

फेब्रुवारीत निकाल लागला. लेखनात पास. नारायणगावच्या सायबर कॅफेत बसूनच तिकडच्या हॉस्पिटलला मेल लिहिला. आधी आभाराच्या चार ओळी झाल्या होत्या, त्या पुसल्या.

'मी मार्चमध्ये रुजू होते. व्हिसाची कागदपत्रं या आठवड्यात पाठवावीत.'

खाली नाव घातलं आणि पाठवून दिलं.